तिजोरीवर भार नाही, मग भार कोणावर?

सरकारी टिपणीतील काही वाक्ये वरवर निरुपद्रवी दिसतात. ‘या प्रस्तावामुळे शासकीय तिजोरीवर कोणताही आर्थिक भार पडणार नाही’ हे त्यांपैकीच एक. प्रशासकीय सेवेतील प्रदीर्घ काळात हे वाक्य मी असंख्य प्रस्तावांत वाचले आहे. ज्या फायलीत ते असते, तिचा प्रवास इतर फायलींहून वेगाने होतो, हेही पाहिले आहे. वित्त विभागाची हरकत एकदा उरली नाही की बाकीच्या शंका दुय्यम ठरतात. दक्षिण दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाकडे या वाक्याच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. हा विषय दिल्लीपुरता नाही. शहराच्या मध्यभागी जुनी सरकारी जमीन असलेल्या प्रत्येक राज्याला आज ना उद्या हाच निर्णय घ्यावा लागणार आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर या सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. तेथील १२,९७० जुन्या सरकारी निवासस्थानांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी निवासस्थाने बांधायची, असा हा प्रस्ताव होता. तीस वर्षांच्या देखभालीसह अंदाजित खर्च ३२,८३५ कोटी रुपये आणि मुदत पाच वर्षे. पहिल्या तीन वसाहतींचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे आणि उरलेल्या चारांचे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सोपवण्यात आले. एवढा पैसा येणार कोठून? नौरोजी नगर आणि सरोजिनी नगरच्या काही भागात व्यापारी बांधकाम करून ते विकायचे आणि त्यातून घरांचा खर्च भागवायचा. प्रकल्प स्वतःचा खर्च स्वतःच उभा करणार होता. तिजोरीला झळ लागणार नव्हती.

या विचाराला आधार नाही, असे कोणी म्हणू नये. या वसाहतींचा जन्म स्वातंत्र्यानंतरच्या धामधुमीचा. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. फाळणीचे निर्वासित आणि नव्या राज्ययंत्रणेचे कर्मचारी एकाच वेळी राजधानीत दाखल होत होते. शहराच्या तेव्हाच्या कडेला, मोकळ्या माळावर, एक-दोन मजली घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आजच्या सरोजिनी नगरचे त्या वेळचे नाव विनय नगर होते. पुढे शहर या वसाहतींना ओलांडून कितीतरी मैल पसरले आणि कडेची जागा मध्यावर आली. घरे जीर्ण झाली, गच्च्या गळू लागल्या आणि निवासस्थानांसाठी कर्मचाऱ्यांची प्रतीक्षायादी लांबत गेली. अशा मोक्याच्या जमिनीवर विरळ वस्ती ठेवून नव्या कर्मचाऱ्यांना शहराबाहेर वीस-पंचवीस किलोमीटर पाठवणे हेही पर्यावरणाच्या हिताचे नाही. कारण तो कर्मचारी रोज तेवढे अंतर वाहनाने येणार. मेट्रोच्या स्थानकाजवळ दाट वस्ती असावी, हे नगररचनेचे तत्त्व योग्यच आहे. म्हणून पुनर्विकास हवा की नको, हा माझा प्रश्न नाही. तो कोणत्या हिशेबावर उभा राहिला आणि त्या हिशेबात काय लिहिलेच गेले नाही, हा प्रश्न आहे.

प्रथम वाहतुकीचा विचार करू. नौरोजी नगर रिंग रोडला लागून आहे. याच रस्त्यावर, थोड्याच अंतरात, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था म्हणजेच एम्स, सफदरजंग रुग्णालय आणि एम्सचे अपघात उपचार केंद्र आहे. उत्तर भारतातील गंभीर रुग्णांचा आणि अपघातग्रस्तांचा ओघ ज्या दारांकडे वळतो, ती ही दारे. येथे जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’चे उद्घाटन झाले. सहाशेहून अधिक जुनी निवासस्थाने पाडून सुमारे ३४ लाख चौरस फुटांची व्यापारी जागा तेथे उभी राहिली आहे. प्रत्येक कर्मचाऱ्यामागे दीडशे चौरस फूट धरले, तरी ही जागा पूर्ण भरल्यावर बावीस हजारांहून अधिक माणसे रोज तेथे कामाला येतील. अभ्यागत, मालवाहू गाड्या आणि टॅक्सी वेगळ्याच. सहाशे कुटुंबे सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतत होती, त्या जागी शहरभरातून हजारो लोक एकाच वेळी येणार आणि एकाच वेळी परतणार. पिंक लाइनवरील सरोजिनी नगर आणि भिकाजी कामा प्लेस ही मेट्रो स्थानके ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली, ही मोठीच सोय. तरीही दोन-तीन मजली तळघरांत वाहनतळ बांधून गाडी आणणाऱ्याचे स्वागत करायचे आणि मेट्रोमुळे रस्ते मोकळे राहतील अशी आशाही धरायची, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

प्रत्येक मोठ्या प्रकल्पाबरोबर वाहतुकीवरील परिणामांचा अहवाल जोडलेला असतो. हा अहवाल कसा तयार होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. जवळच्या चौकांत गर्दीच्या तासाला किती वाहने जातात ते मोजतात, त्यात प्रस्तावित प्रकल्पाच्या वाहनांची भर घालतात आणि ती बेरीज रस्त्याच्या क्षमतेशी ताडून पाहतात. समजा, एखाद्या चौकाची क्षमता ताशी अकरा हजार वाहनांची आहे आणि आज तेथून दहा हजार जातात. शेजारी तीन प्रकल्प येत आहेत. प्रत्येकाची भर सातशे वाहनांची. तिन्ही अहवाल स्वतंत्रपणे लिहिले, तर प्रत्येकात उत्तर येईल दहा हजार सातशे, म्हणजे क्षमतेच्या आत. तिन्ही अहवाल खरे आणि तिन्ही मंजुरीस पात्र. प्रत्यक्षात चौकात मात्र बारा हजार शंभर वाहने उभी असतील. येथे कोणी खोटे बोललेले नाही. प्रश्नच तीन तुकड्यांत विचारला गेला. दक्षिण दिल्लीत पर्यावरणीय मंजुऱ्या वसाहतनिहाय घेतल्या गेल्या. मंत्रिमंडळापुढे प्रस्ताव गेला तेव्हा सात वसाहती मिळून एक प्रकल्प होता. परिणामांची मोजदाद करताना ते अनेक प्रकल्प झाले. सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर एकमेकांना लागून आहेत. पलीकडे, एम्सच्या बाजूला, पूर्व किडवाई नगरमध्ये जुन्या सुमारे २,४०० घरांच्या जागी ४,६०० घरांची वसाहत याआधीच आकाराला आली होती. या सर्वांची वाहने शेवटी त्याच रस्त्यांवर उतरतात.

झाडांचा हिशेब यापेक्षा अधिक बोलका आहे. सत्तर वर्षांत या वसाहतींत कडुनिंब, पिंपळ, जांभूळ आणि तुतीची दाट छाया तयार झाली होती. जून २०१८ मध्ये नागरिक त्या झाडांना मिठी मारून उभे राहिले, तेव्हा सात वसाहती मिळून तोडायच्या झाडांचा आकडा चौदा हजारांच्या पुढे होता. केंद्र आणि दिल्ली सरकारने परस्परांकडे बोट दाखवले. दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबवली; आराखडे नव्याने तपासले जातील, असे केंद्रीय मंत्रालयाने जाहीर केले. नौरोजी नगरमधील बहुतेक झाडे मात्र तोवर पडली होती.

तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपे लावू, हे अशा वेळचे ठरलेले उत्तर. त्याची किंमत महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, अहवालातून कळते. हा अहवाल त्याच वर्षी दिल्ली विधानसभेत मांडला गेला होता. त्यानुसार २०१४ ते २०१७ या काळात दिल्लीत १३,०१८ झाडे तोडण्यास परवानगी देण्यात आली. त्यांच्या भरपाईपोटी वन विभागाने आपल्या वाट्याची ६५,०९० रोपे लावणे अपेक्षित होते. लावली गेली २१,०४८. दोनतृतीयांश रोपे लावलीच गेली नाहीत. जी लावली, त्यांतली किती जगली हा पुढचा प्रश्न. शिवाय ही रोपे जेथे जमीन मिळेल तेथे लागतात. तोड सरोजिनी नगरात आणि भरपाई शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिंग रोडच्या धुळीने ज्याचा श्वास कोंडतो त्याला त्या दूरच्या रोपांचा काय उपयोग? तळघरांचेही तसेच. भूखंडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खोल वाहनतळ खणले की वर हिरवळ दिसते. पण मोठ्या वृक्षाची मुळे धरायला माती उरत नाही आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यास वाट उरत नाही.

ही हानी ठाऊक असूनही वेळीच का बोलली जात नाही? उत्तर आपल्या नियमांत आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना आजही या व्यवस्थेचा कणा आहे. तिच्या परिशिष्टातील आठव्या नोंदीत बांधकाम प्रकल्प आणि वसाहती येतात. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटर वा पन्नास हेक्टरच्या पुढे तपासणी अधिक कडक होते. मात्र याच अधिसूचनेने आठव्या नोंदीतील सर्व प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. दूरच्या तालुक्यातील खाणीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गावकऱ्यांसमोर सुनावणी होते. पण लाखो लोकांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या कोट्यवधी चौरस फुटांच्या बांधकामासाठी शेजाऱ्याला विचारण्याची कायद्याला गरज वाटत नाही. घर बांधणे हे कारखान्यासारखे घातक नाही, असा विचार त्यामागे असावा. एकेका इमारतीपुरता तो खरा असेलही. शहराचा आख्खा तुकडा बदलणाऱ्या प्रकल्पाला तो लागू पडत नाही.

उलट, ही तपासणी आणखी सैल करण्याचे प्रयत्न झाले. डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने बांधकामांची पर्यावरणीय तपासणी स्थानिक संस्थांच्या बांधकाम परवानगीत विलीन करण्याचे ठरवले. राष्ट्रीय हरित लवादाने पुढच्या वर्षी तिचा महत्त्वाचा भाग रद्द ठरवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तशाच आशयाचा प्रयत्न पुन्हा झाला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. झाडांच्या बाबतीत न्यायालये अधिक जागरूक झाली आहेत. दिल्लीत पन्नास वा अधिक झाडे तोडायची असल्यास केंद्रीय सक्षम समितीची संमती लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवून दिले. रस्त्यावरील वर्दळीला मात्र असा राखणदार नाही.

जेथे कायद्याने सुनावणी नाही, तेथे ती रस्त्यावर किंवा न्यायालयात होते, आणि नेहमीच उशिरा होते. बंगळुरूमध्ये बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल बांधण्याचा प्रस्ताव होता. आठशेहून अधिक झाडे त्याच्या मार्गात येत होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये हजारो नागरिकांनी मानवी साखळी केली आणि मार्च २०१७ मध्ये राज्य सरकारने प्रकल्प मागे घेतला. मुंबईकरांना आरेची ऑक्टोबर २०१९ मधील रात्र आठवत असेल. मेट्रोच्या कारशेडसाठी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि काही तासांत करवती चालू लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे पडून गेली होती. या दोन शहरांतील निकाल वेगळे, प्रश्न वेगळे. साम्य एवढेच की नागरिकांचे म्हणणे ऐकण्याची वेळ निर्णय, निविदा आणि कंत्राट या सर्वांच्या नंतर आली. त्या टप्प्यावर सरकारला माघार घेणे कठीण जाते आणि नागरिकाला समजूतदारपणे तडजोड करणेही. दिल्लीत मंत्रिमंडळाचा निर्णय आणि न्यायालयाची स्थगिती यांच्यात दोन वर्षांचे अंतर होते. त्या दोन वर्षांत एखादी जाहीर सुनावणी झाली असती, तर इमारतींच्या जागा झाडांप्रमाणे हलवता आल्या असत्या. पाच वर्षांचे काम साडेआठ वर्षांनीही अंशतःच लोकार्पण होण्याच्या स्थितीत राहिले नसते. सरोजिनी नगरमधील २८ इमारतींत अडीच हजारांवर घरे जानेवारी २०२५ मध्ये खुली झाली. एकूण उद्दिष्ट पंचवीस हजारांचे होते. सुनावणीने प्रकल्प रेंगाळतात, असे सचिवालयात वारंवार ऐकू येते. सुनावणी न घेतल्यानेही ते रेंगाळतात, याचा हा पुरावा आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या वसाहतींच्या नावांपाशी थांबावेसे वाटते. दादाभाई नौरोजींचे मोठे कार्य हिशेबाचे होते. हिंदुस्थानच्या व्यापाराचे अधिकृत आकडे वरवर भरभराट दाखवत असताना, देशातून बाहेर जाणारी आणि कधीच परत न येणारी संपत्ती त्या आकड्यांत कोठे लपली आहे, हे त्यांनी सरकारचीच कागदपत्रे वापरून दाखवून दिले. जमेच्या बाजूला जे लिहिले आहे ते खरे मानतानाही, खर्चाच्या बाजूला जे लिहिलेलेच नाही ते शोधायचे, ही त्यांची पद्धत होती. त्यांच्याच नावाच्या वसाहतीला ही पद्धत लावून पाहावी. घरांचा खर्च व्यापारी जागेच्या विक्रीतून निघाला. तिजोरीतून पैसा गेला नाही. मग खर्च झालाच नाही का? तो झाला, पण रोज अर्धा तास अधिक बसमध्ये अडकणाऱ्या कारकुनाच्या वेळेत, रुग्णवाहिकेच्या वाया गेलेल्या मिनिटांत, धुळीने भरलेल्या फुप्फुसांत आणि उन्हाळ्यात छायेविना तापणाऱ्या रस्त्यांत. उद्या याच चौकात उड्डाणपूल वा भुयारी मार्ग बांधावा लागला, तर त्याचा पैसा दुसऱ्या शीर्षाखाली, दुसऱ्या खात्यातून, त्याच तिजोरीतून जाईल. म्हणजे भार पडला नाही असे नव्हे; तो पुढे ढकलला गेला आणि ज्यांच्या खांद्यावर पडला त्यांना विचारले गेले नाही.

यावर उपाय दुर्घट नाहीत. सार्वजनिक जमिनीवरील दीड लाख चौरस मीटरच्या पुढील प्रत्येक प्रकल्पाला जनसुनावणी बंधनकारक करावी. त्यासाठी नवा कायदा नको. केंद्र सरकार आपल्याच अधिसूचनेत दुरुस्ती करू शकते. तोवर जमिनीचे मालक म्हणून सरकारने स्वेच्छेने सुनावणी घेण्यास कोणाचीही आडकाठी नाही. दुसरे, एकमेकांलगतच्या प्रकल्पांचा वाहतूक अहवाल एकत्रच तयार व्हावा. दिल्लीत वाहतूक नियोजनासाठी दिल्ली विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत २००८ पासून युटिपेक ही संस्था आहे; तिने केवळ एकेका प्रकल्पाचा नकाशा न तपासता संपूर्ण परिसराची बेरीज मांडावी आणि ती जाहीर करावी. तिसरे, व्यापारी जागेचा ताबा टप्प्याटप्प्याने द्यावा. पादचारी मार्ग, मेट्रोला जोडणाऱ्या बस आणि चौकांतील सुधारणा प्रत्यक्ष झाल्याखेरीज पुढचा टप्पा खुला करू नये. मेट्रोलगत वाहनतळाची किमान मर्यादा ठरवण्याऐवजी कमाल मर्यादा ठरवावी.

चौथे, झाडांची क्रमांकानिशी नोंद निविदेपूर्वी प्रसिद्ध व्हावी आणि वास्तुविशारदाला ती आराखडा काढण्याआधी द्यावी, नंतर नव्हे. भरपाईची लागवड त्याच परिसरात व्हावी. या बाबतीत महाराष्ट्राच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती विचारात घेण्याजोगी आहे. तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय, तितकी झाडे लावण्याची अट तिने घातली आणि पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. अंमलबजावणीचा प्रश्न तेथेही उरतोच. पण सत्तर वर्षांचा कडुनिंब आणि पाच वर्षांचे रोपटे यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, हे तरी तिने मान्य केले.

शेवटची सूचना माझ्या जुन्या व्यवसायाशी संबंधित आहे. मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या टिपणीत आर्थिक भाराचा परिच्छेद अनिवार्य असतो. त्यालाच जोडून आणखी एक परिच्छेद अनिवार्य करावा. प्रकल्पामुळे रस्त्यांवर, पाण्यावर, सांडपाण्याच्या व्यवस्थेवर आणि वृक्षराजीवर किती भार पडेल, तो कोण सोसेल आणि त्यासाठीची तरतूद कोणत्या खात्यातून होईल, हे तेथे आकड्यांत लिहावे. सात वसाहतींतील बरेच बांधकाम अजून व्हायचे आहे आणि देशभरातील सरकारी जमिनींवर असे प्रस्ताव येत राहणार आहेत. त्यांतील प्रत्येकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तो परिच्छेद असला पाहिजे.